एकोबाचं बिऱ्हाड

सासऱ्यांना माशांचं वेड आहे हे मला लग्नाआधी कोणी सांगितलं नाही, नाहीतर मी चारदा विचार केला असता. हॉलमधल्या काचेच्या टाकीत त्यांचे आठ कॅटफिश होते. बोटाएवढे, ठिपकेवाले, दिवसभर मिशांनी वाळू चाळत फिरणारे. पहिला आणला तो एकटा होता. त्याला सोबत म्हणून बाबांनी चार वर्षांत ठिपक्याला ठिपका जुळवून सात आणले. सातही दुसऱ्याच जातीचे निघाले. त्यांनी आपला घोळका केला आणि हा बिचारा फिल्टरमागे. बाबा त्याला एकोबा म्हणायचे.

त्या दिवशी दुकानदाराचा फोन आला की साठ मासे आलेत, त्यात एकोबाच्या जातीचे दोन-तीन नक्की मिसळलेत, पण चार वाजता सगळे दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जाणार. बाबांना मोतीबिंदू. ते माझ्या शिलाई मशीनपाशी येऊन घुटमळले.

"तू जाशील? तुझी नजर पक्की आहे."

मला माशांतलं डोंबल कळतं, असं म्हणणार होते. पण त्यांचा चेहरा बघवेना. कात्री ठेवली आणि निघाले.

दुकानात गेले तर साठच्या साठ सारखे! तेच ठिपके, पाठीवरच्या पंखावर तोच काळा डाग. ठिपके मोजून डोळे शिणले. दुकानदार जांभया द्यायला लागला. पावणेचार झाले आणि मला रडूच यायचं बाकी राहिलं. घरी जाऊन बाबांना काय तोंड दाखवू?

आणि एकदम डोक्यात लख्ख उजेड पडला. अगं बाई, मी कापड काय बघत बसलेय! एकाच ताग्यातले दोन बहिणींचे फ्रॉक मी कशावरून ओळखते? कटवरून. मग ठिपके गेले खड्ड्यात म्हटलं आणि नुसता आकार बघायला लागले. एकोबाचं कपाळ उतरतं, तोंड पुढे आलेलं. इथे सगळी बसकी तोंडं, बसकी, बसकी... आणि तो बघा! दगडाआड दुसरा. कोपऱ्यात तिसरा. मी अशी उडाले की दुकानदार जाळी घेऊन धावतच आला.

घरी माशांची पिशवी, आतलं पाणी टाकीइतकंच कोमट व्हावं म्हणून, टाकीच्या पाण्यावर पंधरा मिनिटं तरंगत ठेवायची होती. बाबांनी पंधरा वेळा वेळ विचारली. मीही काही कमी नव्हते, सोळाव्यांदा मीच घड्याळ बघितलं.

तिघांना सोडलं. ते तळाशी गेले. फिल्टरमागून एकोबा बाहेर आला, थबकला आणि सरळ त्यांच्यात घुसला. चौघं मिळून वाळू उपसायला लागले. बाबांनी माझा हात घट्ट धरला. त्यांना नुसत्या सावल्या दिसत होत्या.

"यातला आपला एकोबा कोणता गं?"

साठांतून तीन निवडून आणणारी मी काचेला नाक लावून बघत राहिले.

"ओळखू येत नाही, बाबा," मी म्हटलं आणि मलाच रडू कोसळलं.