पहिली स्टेज

माझ्या मुलांना खोटे बोलता येत नाही. हा दोष त्यांच्यात वडिलांकडून आला आहे. थोरला खोटे बोलताना चष्मा पुसत बसतो, धाकटा विनाकारण हसतो. त्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत एकाचा चष्मा पुसून होईना आणि दुसऱ्याचे हसू आवरेना, तेव्हाच मी ओळखले की माझ्यासाठी काहीतरी शिजवून आणले आहे.

पहिल्या भेटीत असे नव्हते. मुले गाडी लावायला जागा शोधत फिरत होती, त्यामुळे डॉक्टरांना नाइलाजाने माझ्याशीच बोलावे लागले.

"यजमान काय काम करायचे?"

"बॉयलरच्या नळांवर ॲस्बेस्टॉसचे आवरण चढवत."

"आणि कपडे कोण धुवायचं?"

"माझ्या घरात दुसरे कोण धुणार? आधी झटकायचे, मग भिजवायचे."

त्यांनी मान हलवली. त्या झटकलेल्या पांढऱ्या धुळीने माझ्या फुप्फुसाच्या आवरणाला कर्करोग झाला आहे, मेसोथेलिओमा म्हणतात त्याला, असे त्यांनी सांगितले. ज्यांनी ती धूळ उभा जन्म अंगावर वागवली, त्या माझ्या यजमानांची छाती मात्र ठणठणीत आहे. गेली आहे ती त्यांची स्मृती. मुलांना ते पाहुणे समजतात, आणि माझ्या हातचा सोडून कोणाचाही घास घेत नाहीत.

म्हणूनच मला माझी स्टेज कळायला हवी होती. माझ्यामागे त्यांना कोण सांभाळणार, हे मी धडधाकट असतानाच ठरवायचे होते. तो विषय निघाला की दोन्ही कर्तबगार चिरंजीव "आई, तू शंभरी गाठणार!" असे म्हणून उठून जात.

"स्टेज ठरवता कशी?" मी तेव्हाच विचारून ठेवले होते.

डॉक्टरांनी कागदावर फुप्फुस काढले. चित्रकलेत त्यांना गती नव्हती, पण समजावले नीट. हा रोग एका जागी गोळा होऊन बसत नाही, आवरणावर सायीसारखा पसरतो. त्यामुळे आकार मोजून भागत नाही, तो कुठवर पोचला हे पाहावे लागते. आवरणातच आहे, की छातीच्या भिंतीत किंवा छाती-पोटामधल्या पडद्यात शिरला? जवळच्या लसिकाग्रंथींत गेला का? छातीच्या दुसऱ्या बाजूला किंवा पोटात उतरला का? स्कॅनवरून अंदाज येतो. पण बारीक दाणे स्कॅनमध्ये निसटतात, म्हणून घशातून दुर्बीण घालून ग्रंथीचा तुकडा घ्यायचा आणि पोटातही दुर्बिणीने पाहायचे. रोग एकाच बाजूला असेल तर शस्त्रक्रियेचा विचार. पडदा ओलांडून पोटात गेला असेल, तर शस्त्रक्रिया नाही, सलाईनमधून औषधे.

हे सारे सोसून मी आता निकाल ऐकायला बसले होते.

"आजी, काळजीचं काही कारण नाही," डॉक्टर म्हणाले. "पहिलीच स्टेज आहे."

"मी तुमची आजी नाही. तुमचे केस माझ्यापेक्षा पांढरे आहेत. शस्त्रक्रिया कधी?"

त्यांनी थोरल्याकडे पाहिले. थोरल्याने भिंतीकडे पाहिले.

"शस्त्रक्रिया नको. सलाईनमधून औषधं देऊ."

"का?"

"तुमचं वय..."

"वय मागच्या भेटीतही एवढेच होते. तेव्हा तुम्हीच म्हणालात की हृदय भक्कम आहे, झेपेल. पोटात काय दिसले?"

"आई, पोट एकदम साफ!" धाकटा हसत म्हणाला.

"तू त्या पोटात नऊ महिने होतास, तेव्हाही तुला तिथले काही कळले नाही. बाहेर जा. दोघेही."

"आई, अगं तुझ्या भल्यासाठीच..."

"बाहेर."

गेले. वाद घालण्याइतका कणा दोघांपैकी एकातही असता, तर मला आनंदच झाला असता.

दार लागल्यावर डॉक्टर खाली बघत म्हणाले, "पडद्याच्या खालच्या बाजूला दाणे होते. तुकडा तपासला, तोच रोग आहे. चौथी स्टेज."

"किती दिवस?"

"नक्की कोणीच सांगू शकत नाही. पण वर्ष धरून चालू नका."

"एवढे बोलायला काय जड होते?"

"मुलांनी हात जोडले हो."

"कोणी हात जोडले की तुम्ही रोगाला मागे सरकवता? मग आणखी थोडे जोडून घ्यायचे होते, बराच झाला असता."

त्यांनी उठून माझ्यासाठी दार उघडले. शोभले त्यांना.

बाहेर बाकावर दोघे चिरंजीव कागदी पेल्यांतून कॉफी पीत होते. थोरल्याने विचारले, "काय म्हणाले गं?"

"तुला ठाऊक आहे तेच. रविवारी मी आणि तुझे वडील तुझ्याकडे राहायला येतो. मी जाईन, ते राहतील."

"आई, हिला एकदा विचारायला..."

"सूनबाई हो म्हणतील. नाही म्हणायची सवय या घरात तुम्हा दोघांनाच आहे."

"आणि मी?" धाकट्याने सुटकेच्या आशेने विचारले.

"ते रात्रीचे उठतात. रात्री तुझ्या."

धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आले. कशासाठी, ते मी विचारले नाही.

"कॉफी ठेवा आणि चला," मी म्हणाले. "त्यांच्या जेवणाची वेळ झाली आहे. आज थोरल्याने भरवायचे. थुंकतील, शिव्या देतील, ताट ढकलतील. मी समोर बसते. ते घास गिळेपर्यंत कोणी उठायचे नाही."