हो की नाही, एवढंच

माझ्या जुन्या मित्राच्या, मार्तंडच्या पत्राला मी सहा महिने उत्तर दिलं नव्हतं. पत्र श्रावणात आलं, भुसावळहून. रेल्वेतून निवृत्त होऊनही त्याने भुसावळ सोडलं नाही. ऐकू येईनासं झाल्यापासून फोन मात्र सोडला. "प्रिय विठोबा," त्याने लिहिलं होतं, "माझी नात बकुळ तुमच्या झाशीच्या विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्र शिकायला येते आहे. प्रेम नगरात खोली घेतली आहे. अधूनमधून तिच्याकडे डोकावशील का? हो की नाही, एवढंच कळव. तुला 'हो' लिहायलाही संदर्भग्रंथ लागतात हे ठाऊक आहे, तरी कळव."

मी चार वेळा लिहायला बसलो. 'हो' लिहिलं आणि निभावलं नाही तर? 'नाही' तर लिहवत नव्हतं. शेवटी पत्र शब्दकोशात ठेवलं.

उत्तराची वाट न बघता गणपतीत बकुळच खंडेराव गेटला माझ्या घरी आली. कपाटं बघून म्हणाली, "आजोबा, यातली वाचलीत किती?"

"निम्मी."

"आणि निम्मी पाहुण्यांना घाबरवायला?"

ऑक्टोबरात तिनेच मला धरून नेऊन फ्लूची लस टोचवली. स्वतः "पुढच्या आठवड्यात घेते" म्हणाली. तो आठवडा प्रात्यक्षिकांत गेला, त्यापुढचा परीक्षेत.

जानेवारीअखेर तिच्या वर्गात फ्लूची साथ आली. रविवारी तिचा फोन आला. "एकशे दोन ताप आहे. डॉक्टरांना दाखवलंय. पाणी पिते, झोपून राहते. मैत्रिणीला दुसऱ्या खोलीत पाठवलंय. तुम्ही इकडे येऊ नका, आजोबा. लस घेतली असली तरी तुमचं वय आहे."

सगळं कसं नियमाने. खरं सांगायचं तर ती बंदी मला सोयीची वाटली. मुलीच्या खोलीवर जायचं, दार वाजवायचं, आत जाऊन काय बोलायचं, या सगळ्यातून सुटलो.

बुधवारपर्यंत ती फोनवर बोलली. गुरुवारी फोन उचलला नाही, 'ठीक आहे' एवढा मेसेज आला. शुक्रवारी सकाळी मी पेज केली आणि डबा घेऊन प्रेम नगरला गेलो. घरमालकीण सुनीताजी जिन्याखाली मटार सोलत बसल्या होत्या.

"ऊपर मत जाइए अंकल जी, सबको मना किया है उसने. डब्बा हम दरवाज़े पर रख देंगे. बुखार तो कल ही उतर गया. सुबह हमने यहीं से पूछा, कैसी हो बिटिया? बोली, आंटी, दम लग रहा है. हमने कहा, लगेगा ही. दलिया खाओ, और लगेगा."

त्या हसल्या, मीही हसलो. "फिर तो ठीक है," म्हणालो आणि डबा देऊन परतलो. जिन्याला पायऱ्या चौदाच होत्या.

घरी आल्यावर वाटलं, आता मार्तंडला लिहिता येईल. सांगण्यासारखं काहीतरी हाती आलं होतं. लिहिलं: "प्रिय मार्तंड, उशिराबद्दल क्षमा कर. बकुळला फ्लू झाला होता, पण काळजी नको. ताप उतरला. आता तिला दम लागतो आहे"

अंगात ताकद येते आहे, असं म्हणायचं होतं. पण सुनीताजींचे शब्द कानात होते, तेच हाताने उतरवले. पूर्णविराम द्यायचा राहिला आणि भुसावळला मार्तंड जसं वाचेल तसं ते वाक्य मी वाचलं.

दम लागतो आहे.

आमच्या घरात श्वास पुरेना की 'धाप लागते' म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या झाशीत काढून आमचा 'दम' हिंदी झालाय, दम म्हणजे ताकद. पण बकुळ भुसावळची. तिची हिंदी मराठीच्या पाटीवर गिरवलेली. श्वास पुरत नाही, असं ती सकाळपासून सांगत होती.

लगेच शंका आली. मी शब्दांचा कीस काढणारा माणूस. ऑफिसात एका स्वल्पविरामासाठी फाइल अडवली म्हणून लोक वर्षभर हसले होते. तिच्या दारात जाऊन पुन्हा हसं झालं तर? फोन लावला. पूर्ण वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा मी एका हाताने चपला घालत होतो.

ऑटो वाटेत अडकली. पुढे ट्रक आडवा होता. "दो मिनट, बाबूजी," ड्रायव्हर म्हणाला. मी मास्क लावून बसलो आणि दोनाच्या जागी नऊ मिनिटं मोजली.

"अरे, फिर आ गए?" सुनीताजी म्हणाल्या. "सो रही होगी."

"मराठी में दम लगने का मतलब साँस फूलना होता है."

त्यांनी परात खाली ठेवली आणि अनवाणीच माझ्यामागून जिना चढल्या.

डबा दाराशी तसाच होता. मी दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. परक्याचं दार मी आयुष्यात कधी ढकललं नव्हतं. ते ढकललं.

बकुळ पलंगाच्या कडेला बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, पुढे वाकून. ओठ निळसर. मला बघताच तिने एक तळवा वर केला.

"आत... नको. मास्क..."

"लावलाय."

"घरी... सांगू..."

"ते नंतर बघू. उठ."

दोघांनी तिला उतरवलं, दर दोन पायऱ्यांवर थांबत. ऑटो सोडली नव्हती. हॉस्पिटलात तरुण डॉक्टरीणबाईंनी तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. चौऱ्याऐंशी.

"साँस कब से फूल रही है?"

बकुळने दोन बोटं दाखवली.

"दो दिन? और किसी को बताया नहीं?"

"बताया था," सुनीताजी म्हणाल्या. "हमीं ने ग़लत समझा." मी जमिनीकडे बघत होतो.

"फ्लू से निमोनिया हुआ है. बुखार उतरे और साँस चढ़े, तो घर में नहीं बैठते," डॉक्टर म्हणाल्या. "ऑक्सीजन लगा रहे हैं. शाम तक देखते हैं."

मी भुसावळला तिच्या वडिलांना फोन केला. मग बाकावर बसून यंत्रावरचा आकडा बघत राहिलो. सत्त्याऐंशी झाला, पंच्याऐंशीवर आला. खिशात पुस्तक होतं, काढलं नाही. साडेपाचला ब्याण्णव झाला आणि खाली आला नाही.

तिचे आईवडील शनिवारी पोहोचले. सोमवारी नळी निघाली. बकुळचं पहिलं संपूर्ण वाक्य होतं, "पेज वाया गेली का?"

"सुनीताजींनी खाल्ली. मीठ कमी म्हणाल्या."

"आजोबा, पुढच्या वर्षी लस माझी आधी."

त्या दुपारी मी पत्र पुढे ओढलं. ते अर्धं वाक्य खोडलं नाही. त्याखाली सगळं लिहिलं, शुक्रवारी सकाळी जिन्यापाशी जाऊन परत फिरलो तेही. शेवटी लिहिलं, "तू विचारलं होतंस. हो. पण मी कसा आहे ते आता तुला कळलंय, तेव्हा पुन्हा विचार करायचा असेल तर कर."

लक्ष्मी गेटजवळच्या टपालपेटीत पाकीट अर्धं सरकवलं आणि धरून ठेवलं. आणखी एकदा वाचावं असं वाटत होतं. मग सोडलं.