पेटीत दोन पेपर

“माझा पेपर दुपारपर्यंत पेटीतच दिसला, तर दार वाजव हं,” एकट्या राहणाऱ्या मावशींनी समोरच्या घरातल्या आईला बजावलं होतं. कडेवरच्या मुलीला सावरत ती हसली. “काहीतरीच काय मावशी! आमचे डोळे उघडायच्या आत तुमचा पेपर वाचून झालेला असतो.”

मित्रांनो, ती पेटी म्हणजे मी. मी एक जुनी, पत्र्याची पेपरपेटी आहे. डबे बनवणाऱ्या कारागिराने मला घडवलं, मावशींनी दाराशेजारी ठोकून घेतलं आणि माझ्या पोटावर पांढऱ्या रंगात ‘वर्गणीदार’ असं ऐटीत लिहिलं. तेव्हा या जिन्यावर दारोदारी माझ्या बहिणी होत्या. सकाळी सगळ्यांची झाकणं खडखडायची. काय थाट होता आमचा!

मग बातम्या मोबाईलवर आल्या. बहिणी एकेक करून भंगारात गेल्या आणि मला गंज चढला. लोक मावशींना चिडवायचे, “फुकट मिळतं ते विकत कशाला घेता?”

“मोबाईल काही माझ्यासाठी जिना चढून येत नाही,” मावशी म्हणायच्या.

समोरची मुलगी मोठी झाली, माझ्यावरची अक्षरं लावून वाचू लागली. “आई, वर्गणीदार म्हणजे काय गं?”

“जो आधीच पैसे भरून ठेवतो आणि मग पेपर रोज न मागता ज्याच्या दारी येतो, तो. गावाला जाताना मात्र त्याने सांगायचं, की टाकू नका.”

एका सकाळी पेपरवाल्या ताईंनी माझं झाकण उचललं आणि त्यांचा हात थबकला. आत कालचा पेपर तसाच होता. समोरची आई कचऱ्याचा डबा ठेवायला बाहेर आली होती.

“गावाला गेल्या असतील,” ती म्हणाली. पण म्हणता म्हणताच तिला मावशींचं जुनं बजावणं आठवलं आणि तिचा चेहरा उतरला; काल दुपारी तिने माझ्याकडे पाहिलंच नव्हतं. “पेपर बंद ठेवायला सांगितलं होतं का तुम्हाला?”

“छे! एका शब्दाने नाही.”

“मग मावशी आतच आहेत!”

दोघींनी दार बडवलं. मुलीने दाराला कान लावला. “आई, आत कुणीतरी बादली वाजवतंय!”

खालच्या मजल्यावरचा सुतार हत्यारं घेऊन धावत आला. कुलूप निघालं. मावशी बाथरूममध्ये पडलेल्या, मांडीचं हाड मोडलेलं, ओरडून ओरडून घसा बसलेला. पण शुद्धीवर! स्ट्रेचर माझ्यासमोरून जाताना त्यांनी हात वर केला.

“थांबा रे! माझे पेपर? दोन्ही द्या, कालचाही वाचायचा राहिलाय.”

अख्खा जिना रडता रडता हसला.

मावशी काठी टेकत परत आल्या, तेव्हा माझा गंज घासून मला लाल रंग दिलेला होता. समोरच्या दाराशीही कोरी करकरीत पेटी होती. आता दुपारी मावशीच ओरडतात, “काय गं, अजून पेपर उचलला नाहीस? पोरगी बरी आहे ना?”

मित्रांनो, तुमच्याकडे पेपर येत नसेल, तर दाराशी राहिलेली दुधाची पिशवी बघा, दिवसाही जळणारा दिवा बघा. तुमच्या जिन्यावर एकटं कोण राहतं? जा, त्यांचं दार वाजवून या. आत्ताच जा. मी इथेच ठोकलेली आहे, कुठे जाणार!