मेथीच्या गाडीतून आलेला तिसरा नंबर

मेडशीच्या फाट्यावर हौसाबाईच्या चहाच्या हॉटेलात खुर्ची एकच. तिला हात आहेत, पाठ आहे, आणि मुख्य म्हणजे ती सरकते. थंडीत उन्हात, उन्हाळ्यात कडुनिंबाच्या सावलीत. बाकी सगळ्यांना बाक. त्याचे पाय जमिनीत पुरलेले, म्हणून तो बारा महिने जिथल्या तिथे.

त्या खुर्चीचा एक कायदा होता. दरसाल थंडीत तालुक्याच्या कॉलेजांच्या शर्यती होतात. ज्या कॉलेजला शील्ड मिळेल, त्याच्या माणसाने वर्षभर खुर्चीत बसायचं. कॉलेजं दोन: एक टेकडीवरचं, एक तलावाजवळचं. फाट्यावर त्यांची माणसंही दोन. टेकडीचा रंगराव माळी आणि तलावाचा गोविंदा कंडक्टर. दोघांनी कॉलेजचा वर्ग आतून पाहिला नव्हता. रंगराव पंधरा वर्षं टेकडीच्या मेसला भाजी पोचवत होता, तेवढ्यावर तो टेकडीचा झाला. गोविंदाची एसटी तीस वर्षं तलावाच्या गेटासमोर थांबली, तेवढ्यावर तो तलावाचा.

नऊ वर्षं लागोपाठ शील्ड तलावाने नेली. नऊ वर्षं रंगराव बाकावर बसला. आणि या साली, गेल्या रविवारी, चमत्कार झाला. तलावाची सपना नावाची मुलगी दहा किलोमीटरच्या शर्यतीत तिसरी आली, तिच्या गुणांवर शील्ड पुन्हा तलावाची ठरली, आणि संध्याकाळी सगळ्यांच्या मोबाईलवर एक व्हिडिओ आला. त्यात सपना शर्यत संपते त्या कॉलेजच्या गेटाशी एका भाजीच्या गाडीतून उतरत होती. गर्दीमुळे गाडीची फक्त मागची फळी दिसत होती. मुलीच्या पाठीवर नंबरचं कापड होतं आणि केसांत मेथीची पानं.

सोमवारी तिचा नंबर खोडला गेला आणि शील्ड टेकडीला मिळाली. मंगळवारी सकाळी रंगराव खुर्चीत बसला तो असा, जणू ती त्याच्या मापानेच केली होती.

त्या दिवसापासून फाट्यावर दुसरं बोलणं नव्हतं.

"काय कंडक्टर," शुक्रवारी सकाळी गोविंदा येताना दिसला तसा रंगराव ओरडला, "आज पायी आला का मेथीच्या गाडीत?"

"पायी आलो. गाडीत जागा नोयती, तुह्या कॉलेजचं नाक बसलं होतं."

"हौसाबाई, कंडक्टरले मेथीचे भजे दे वो. धावाच्या आधी त्याईच्या कॉलेजात तेच खातात म्हनते."

"मले दोघाईचं एकच सांगा," हौसाबाई कढईवरून म्हणाली, "भजे खाता का नुसतेच तोंड तळून राह्यले?"

"आता म्हनते त्याईच्या कॉलेजात नवीन कोर्स निघून राह्यला," रंगराव थांबेना. "तिकीट काढून धावाचा. अर्धं तिकीट, अर्धी शर्यत."

"तिकिटाचं तू नोको सांगू," गोविंदा बाकावर बसत म्हणाला. "तीस वर्षं तुह्या टेकडीचे पोट्टे संपलेल्या पासवर माह्या गाडीत बसले. म्या कधी व्हिडिओ काढला का?"

बाकावरची माणसं हसली. रंगरावही हसला. जिंकलेल्या माणसाला समोरच्याचा विनोदही गोड लागतो. पण आज गोविंदाने पुढची कोपरखळी मारली नाही. चहा बशीत ओतला आणि तसाच धरून बसला.

"हसून घे आज," तो म्हणाला. "उद्या त्या पोट्टीची पेशी हाये. दोन वर्षं बंदी घालून राह्यले तिच्यावर. खेळाचं सर्टिफिकेट गेलं म्हंजे पोलीस भरती गेली तिची. काल जाऊन आलो तिच्या घरी."

"मंग चढली कायले गाडीत?"

"पाय मुरगळला ना नाल्यापाशी. चढावर एक ॲपे हळू झाली, तिच्यावर चढली. अर्ध्या रस्त्यात पान्याच्या टेबलावर पंच बसले होते. तिथं उतरून सांगाचं होतं का माह्याच्यानं होत नाई, माहं नाव काटा. तिनं पत्रा वाजवला. एकदा नाई, पाच खेप वाजवला. डायवर साला बहिरा, थांबलाच नाई. थेट गेटापाशी गर्दी आडवी आली तवा थांबला."

"तिथं सांगाचं."

"कोनाले सांगते? तुह्याच टेकडीचे ढोल वाजून राह्यले होते. लंगडत आली तं लोकाईले वाटलं, काय हिंमतीची पोट्टी! धरून नेलं लाइनीपार. ती सांगून राह्यली, मी गाडीत आली, मी गाडीत आली. ढोलात कोन आयकते? लिहिला तिसरा नंबर."

"डायवर कोन होता?"

"तो पुढं, ती मांगं. तिले कसा दिसन? निळी ताडपत्री होती म्हनते." गोविंदाने खिशात हात घातला. "ह्या पट्टीनं पाय बांधला होता तिनं. गाडीतलीच. पंचाईले दाखवतो उद्या. पन यानं काय होते?"

त्याने बाकावर एक पट्टी ठेवली. केळीच्या खोडाची वाळलेली साल होती ती, सोपट. एका टोकाला अजून गाठ होती. दोन वेढे आणि टोक आत खुपसलेलं.

रंगरावाचा कप तोंडापर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

मेथीच्या जुड्या हल्ली सगळे सुतळीने नाहीतर रबराने बांधतात. त्या रस्त्यावर सोपटाने बांधणारा एकच माणूस उरला होता. आणि टोक आत खुपसायची ती गाठ त्याच्या आईची होती. त्याने चोरून कढईकडे पाहिलं. भज्यांची मेथी हौसाबाई त्याच्याकडूनच घेत असे. ती झारा हातात धरून पट्टीकडे पाहत होती. मग तिने त्याच्याकडे पाहिलं.

"भाऊजी," ती म्हणाली, "चहा थंडा होऊन राह्यला."

रंगरावाला रविवारची सकाळ आठवू लागली. भरलेली ॲपे त्या चढावर माणसाच्या चालीने चालते. तिथे कुणीही मागे चढतं, आणि उतरायचं असलं की पत्रा वाजवतं. चढणारा विचारत नाही आणि रंगरावही मागे वळून पाहत नाही. रविवारी रस्ता बंद होता, पण मेसची गाडी म्हणून त्याला सोडलं होतं. आणि पुढे खिळ्याला टांगलेल्या मोबाईलवर तो काय ऐकत होता? हीच शर्यत. टेकडीच्या पोरांनी चालू ठेवलेलं धावतं वर्णन, ढोलासकट. एकदा तर त्याच्या मनात येऊन गेलं होतं की आज मोबाईलमधला ढोल पाठीमागून वाजतोय. त्या ढोलावर त्याने मानसुद्धा डोलावली होती.

गेटाशी गर्दीमुळे तो थांबला, गर्दी फुटली तसा भिंतीला वळसा घालून मेसच्या मागच्या दाराशी गेला. वांगी मोजून दिली आणि घरी आला. आणि मंगळवारपासून चार दिवस ज्या डायव्हरच्या नावाने तो टाळ्या पिटत होता, तो डायव्हर खुर्चीत बसून चहा पीत होता.

बोलावं तर पंच म्हणतील शर्यत पुन्हा घ्या, आणि पुन्हा घेतली तर टेकडीचं काय होतं ते नऊ वर्षं दिसलंच होतं. खुर्ची जाईल. मेसवाले म्हणतील, आमचं खाऊन आमच्यावरच उलटला. आणि फाट्यावरची माणसं? ती तर त्याला मरेपर्यंत पत्रा वाजवून दाखवतील. न बोलावं तर काहीच होणार नव्हतं. फक्त त्या मुलीचं होणार होतं.

"काय बे, गप कायले झाला?" गोविंदा म्हणाला. "मेथी संपली का तोंडातली?"

"वावरात पानी लावलं हाये," रंगराव म्हणाला आणि उठला.

"भाऊजी," हौसाबाईने मागून हाक दिली, "उद्या दोन जुड्या जास्त आनजा. सोपटाच्याच आनजा."

शनिवारी सकाळी गोविंदा आणि सपना फाट्यावर एसटीची वाट पाहत उभे होते. सपनाचा घोटा अजून सुजलेला, पायात भावाची मोठी चप्पल. एसटीचा पत्ता नव्हता. तीस वर्षं एसटीत काढलेला गोविंदा एसटीलाच शिव्या देत होता. तेवढ्यात रंगरावाची ॲपे येऊन उभी राहिली.

"बसा," रंगराव समोर बघत म्हणाला.

"तू कुठं चालला?"

"पेशीले."

"तुहं काय काम तिथं? शील्ड मोजाले चालला का?"

रंगरावाने गाडी बंद केली. "डायवर नाई लागत का त्याईले?"

गोविंदाला क्षणभर काही कळलं नाही. सपना मात्र लंगडत मागे गेली. तिने निळी ताडपत्री पाहिली, पत्र्याला कोपऱ्यात पडलेला पोचा पाहिला.

"आबा," ती म्हणाली, "हेच गाडी होय."

गोविंदाने गाडीकडे पाहिलं, मेथीकडे पाहिलं, मग रंगरावाकडे. रंगराव शिव्यांची वाट पाहत होता. नऊ वर्षांच्या ओळखीत गोविंदाकडे शिव्या किती आहेत हे त्याला ठाऊक होतं. पण गोविंदा हसायला लागला, आणि हसता हसता त्याला हौसाबाईच्या बाकाचा आधार घ्यावा लागला.

"नऊ वर्षाचं उट्टं असं काढलं का बे? आमची पोट्टीच उचलून नेली!"

"म्या पायलं नाई रे, गड्या."

"आयकलं बी नाई!"

"बाई," रंगराव सपनाला म्हणाला, "चूक माही हाये. तू पुढं काई बोलू नोको. मी बोलतो."

सपना ताडपत्री सारून मागे बसली. "बोला," ती म्हणाली. "पन बाबा, त्या दिवशी पुढं वाजून राह्यला होता तो मोबाईल बंद ठेवा."

पेशी टेकडीच्या कॉलेजच्या हॉलात होती. मधल्या खुर्चीवर मुख्य पंच मदनसिंग सर. उन्हात रापलेला, कडक इस्त्रीचा माणूस. रंगरावाने उभं राहून सगळं सांगितलं. चढ, पत्र्याचा रिवाज, मोबाईल, ढोल, सोपटाची गाठ. बाजूला बसलेले टेकडीचे प्राध्यापक त्याच्याकडे असे पाहत होते, जणू मेसच्या वरणात काही निघालं आहे.

"गाडी तुमची, हे मी मानतो," मदनसिंग सर म्हणाले. "पण पाच वेळा पत्रा वाजवला आणि तुम्हाला ऐकू आलं नाही? पत्रा आहे तो, गादी नाही. मुलीने वाजवलाच नाही असं का धरू नये? जेवण झाल्यावर निकाल देतो."

सगळे बाहेर आले. ऊन चढलं होतं. सरांना गेटासमोरच्या खानावळीत जायचं होतं आणि मैदान लांबलचक. रंगराव वांगी उतरवायला मेसकडे निघालाच होता.

"गेटापर्यंत सोडता का?" सरांनी विचारलं.

"बसा ना साहेब. पन पुढं माह्यापुरतीच जागा हाये."

मदनसिंग सर मागे मेथीच्या जुड्यांमध्ये बसले. रंगरावाने गाडी सुरू केली. एवढं बोलून, एवढ्या डोळ्यांपुढे उभं राहून त्याचं डोकं रिकामं झालं होतं, आणि रिकाम्या डोक्याने हात आपोआप खिळ्याकडे गेला. मोबाईलवर टेकडीची कबड्डी लागली होती. पोरगा बोलत होता, ढोल वाजत होता. गेट आलं. गेट गेलं. रंगरावाने भिंतीला वळसा घातला, मेसच्या मागच्या दाराशी गाडी उभी केली, उतरला, आणि आचाऱ्याला हाक मारली, "वांगे घ्या हो!"

ताडपत्री वर केली तर आत मदनसिंग सर. डोक्यावर मेथी, उजवी मूठ लाल.

मोबाईलमध्ये कुणीतरी बाद झाला आणि ढोल जोरात वाजला.

"सात वेळा," मदनसिंग सर म्हणाले. "मी सात वेळा वाजवला."

रंगरावाने आधी मोबाईल बंद केला, मग हात जोडले.

सर खाली उतरले. कपडे झटकले. मग तोंड फिरवून भिंतीकडे पाहत उभे राहिले, आणि त्यांचे खांदे हलताना रंगरावाला दिसले. वळले तेव्हा चेहरा पुन्हा इस्त्रीचा होता.

निकाल तीन वाजता आला. सपनाने लबाडी केलेली नाही, बंदी नाही. पण दहा किलोमीटर ती पळाली नाही हेही खरं, म्हणून तिच्या नावापुढे 'शर्यत अर्धवट सोडली' असं लिहावं. सपना म्हणाली, "सर, तेच तं मी पान्याच्या टेबलावर सांगाले चालली होती." शील्ड टेकडीकडेच राहिली.

परतताना गोविंदा मागे बसला, सपना त्याच्या शेजारी पाय लांब करून. रंगरावाने मोबाईल खिशात घातला आणि खिशाचं बटण लावलं. सकाळच्या चढाचा आता उतार झाला होता आणि गाडी मोकळी धावत होती. मागून दोघांचं हसणं ऐकू येत होतं, आणि आज ते सगळं शब्दनशब्द ऐकू येत होतं.

"आबा, पुढच्या साली मी पहिली येतो पाहा."

"ये. पन माळ्याची गाडी दिसली का शेतात लप."

फाटा जवळ आला. गोविंदाने बोटाच्या टोकाने पत्र्यावर एकदाच टिचकी मारली. टिचकीसुद्धा नाही, नख लागलं म्हणा ना.

रंगरावाने असा ब्रेक दाबला की गोविंदा मेथीच्या रिकाम्या टोपल्यांत डोक्यावर पडला.

"अबे, मारतं का!"

"आयकू आलं मले," रंगराव म्हणाला.

हौसाबाईने तिघांना येताना पाहिलं आणि खुर्ची उन्हात सरकवली. रंगराव खुर्चीशी गेला, तिचा हात धरला आणि ती सपनाकडे ढकलली. "पाय वर घे बाई, सूज उतरन." मग तो बाकावर जाऊन बसला, गोविंदाला खेटून.

"शील्ड तं तुमचीच हाये," गोविंदा म्हणाला. "मंग बाकावर कायले?"

"खुर्ची उद्यापासून."

"उद्या कायची? उद्या मी पत्रा घेऊन येतो घरून," गोविंदा म्हणाला आणि भज्यांची बशी आपल्याकडे ओढली. "हौसाबाई, भजे मेथीचेच हायत ना?"