पंचफुलाचं पाणी

मित्रांनो, मी एक जुनी फिल्म आहे. करंगळीपेक्षा अरुंद आणि जेमतेम चार मिनिटांची. माझी दुसरी प्रत कुठेच नव्हती.

एकोणीसशे सत्तावन सालच्या उन्हाळ्यात आंजी गावचे कापड दुकानदार महादेवराव यांनी मला आपल्या हौसेच्या कॅमेऱ्यात भरलं. गावच्या विहिरीवर बौद्ध वस्तीला पाणी भरू देत नसत, म्हणून वस्तीनं स्वतःची विहीर खणली होती. लहानूच्या पहारीखाली झरा फुटला आणि त्याच्या बायकोनं, पंचफुलानं, पहिली बादली ओढली. कॅमेरा आपल्याकडे वळलेला पाहून ती म्हणाली, "मले काऊन पाह्यता जी? पानी पाहा ना!" आणि तिनं ओंजळभर पाणी थेट कॅमेऱ्यावर फेकलं. महादेवराव दचकून मागे सरले. तो धक्का माझ्यात अजून आहे.

मुंबईहून धुऊन आल्यावर मला वस्तीत चादरीवर दाखवलं. लोक पोट धरून हसले. पुढच्याच वर्षी कापूस वेचताना साप चावून पंचफुला गेली. तिची लेक जिजा तेव्हा रांगत होती. पुढे प्रोजेक्टर बिघडला आणि मी डब्यात बंद होऊन माळ्यावर गेले. कौलांच्या उन्हात मी आकसले, मला आंबूस वास सुटला. तीस-बत्तीस वर्षं कुणी झाकण उघडलं नाही.

शेवटी म्हाताऱ्या महादेवरावांनाच आठवण झाली. त्यांनी डबा जिजाबाईंना नेऊन दिला. सेवाग्रामच्या दवाखान्यात काम करणाऱ्या जिजाबाईंनी आईचा साधा फोटोही कधी पाहिला नव्हता. त्या मला घेऊन वर्ध्याला नत्थूकडे गेल्या. तो लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटी बनवायचा आणि त्याच्याकडे एक जुना, चालू प्रोजेक्टरही होता.

नत्थूनं मला बोटांवर घेऊन पाहिलं. "बाई, हे पार सुकून गेली. पडद्यावर चालवून कॅमेऱ्यानं कॅसेटीत उतरवतो, पन एकदाच चालन. मंग तुकडे होतीन."

जिजाबाई म्हणाल्या, "डब्यात राहून मले काय दिसन, भाऊ? चालव."

दोनदा मी तुटले. नत्थूनं प्रत्येक वेळी चिकटपट्टीनं जोडून मला पुढे ढकललं. मग पडद्यावर पंचफुला वळली, ओठ हलले आणि पाणी उडालं. जिजाबाईंनी झटकन तोंड बाजूला घेतलं! मग त्या मोठ्यानं हसल्या. नत्थूनं एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. हसताना दोघींचे डोळे सारखेच मिटत होते.

शेवटच्या हातभर लांबीत मी पार फाटले. पण तोवर सगळं कॅसेटीत उतरलं होतं.

मित्रांनो, कॅसेटही कायम टिकत नाही, तिचीही काळजी घ्यावी लागते. तुमच्या माळ्यावर माझ्यासारखं कुणी पडलं असेल, तर डबा उन्हातून खाली आणा आणि आतली माणसं ओळखणारं कुणी हयात आहे, तोवरच उघडा.