शनिवारची पाळी

चिगुसा नोगामीने शेवटचं वजन दोन्ही हातांनी उचललं, पोटाशी धरलं आणि हळूच जमिनीवर ठेवलं. मग तिने भट्टीची कळ फिरवली. आतला पांढरट उजेड आधी नारिंगी झाला, मग लाल, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत भट्टीच्या खिडकीत नुसता काळोख उरला.

"संपला संसार," मागून एबिहारा म्हणाला. तो विभागप्रमुख होता, वयाने तिच्याहून बराच लहान. "सात वर्षं एका पट्टीपाशी काढलीत, नोगामी-सान. आता शनिवारी करमायचं कसं तुम्हाला?"

"तुम्ही बोलवा की जेवायला."

"बायकोला विचारून सांगतो."

दोघंही हसली. प्रयोगशाळा नव्या इमारतीत जाणार होती आणि पेटती भट्टी काही उचलून नेता येत नाही. विजेचं बिल हे दुसरं कारण. चिगुसाने वाद घातला नव्हता. वाद घालण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

पट्टी बोटभर लांबीची होती. सिलिकॉन कार्बाइडचे केसाहून बारीक धागे कापडासारखे विणायचे, त्यांच्या फटीफटींत सिरॅमिक भरायचं आणि भाजून काढायचं, की अशी पट्टी तयार होते. विमानाच्या इंजिनात जिथे भले भले धातू नांगी टाकतात, तिथे ती बसवायची असते. चिनी मातीच्या बशीला तडा गेला की बशी गेली. इथे तडा धाग्यापाशी येतो आणि वाट चुकतो, कारण धागा सिरॅमिकला घट्ट चिकटलेला नसतो. मध्ये एक पातळसा थर देऊन तो मुद्दाम सैल ठेवलेला असतो. "फार घट्ट चिकटवलंत तर दोघंही एकदम जातील," असं चिगुसाला काम शिकवणारे किरियामा-सान नव्या मुलांना सांगत. सांगताना त्यांची नजर हटकून एखाद्या नव्याने लग्न झालेल्याकडे जाई आणि सगळे खिदळत.

ही पट्टी त्यांनीच टांगली होती, निवृत्तीच्या आठवड्यात. बाराशे अंशांच्या भट्टीत पट्टी, तिच्या खाली वजन, आणि ती तुटेपर्यंत वाट पाहायची, एवढाच तो प्रयोग. त्यांचा अंदाज फार तर दोन वर्षांचा होता. यंत्र आपलं आपण नोंद करत असे, पण रोज चार वाजता माणसाने डोळ्यांनी पाहायचं हा किरियामा-सानांचा दंडक. इतर दिवशी आळीपाळीने कुणीतरी पाही. शनिवार चिगुसाने आपणहून घेतला, आणि आपणहून घेतलेलं काम परत करायची सोय नसते.

त्यांचा आणखी एक दंडक होता. फेब्रुवारीत शिंपी लोक मोडक्या सुया मऊ टोफूत, म्हणजे सोयाबीनच्या पनीरात, खोचून त्यांना निरोप देतात. जन्मभर जाड कापडात घुसल्या, आता जरा मऊ जागी निजू देत. किरियामा-सानांची आई किमोनो शिवायची. तेव्हापासूनची ही सवय त्यांनी प्रयोगशाळेत आणली. वर्षभरात तुटलेल्या पट्ट्या त्या दिवशी टोफूत खोचायच्या, सगळ्यांनी हात जोडायचे, मग देवळात पोचवायच्या. मात्र तुटलेल्याच. जी तुटली नाही ती यंत्रावर चढवायची, तुटेपर्यंत ओढायची आणि तिच्यात किती बळ उरलं होतं ते पाहायचं. एबिहाराने त्यासाठी सोमवार ठरवला होता.

शुक्रवारी रात्री चिगुसाला झोप लागली नाही. महिन्याचा पहिला शनिवार उजाडणार होता, म्हणजे वृद्धाश्रमात किरियामा-सानांना भेटायचं होतं. बायको गेल्यावर त्यांचे पाय गेले आणि ते तिथे राहायला आले. चिगुसा गेली की ते नमस्कार-चमत्कार सोडून आधी विचारत, "तुटली का?" ती म्हणे, "अजून नाही." ते "हं" म्हणून खिडकीबाहेर बघत. तिथे काम करणारी तोकिको एकदा जिन्यात तिला म्हणाली होती, "तुमची ती पट्टी आहे म्हणून आमचे आजोबा आहेत हो." ते वाक्य चिगुसाच्या मनात रुतून बसलं होतं. तिच्या स्वतःच्या वडिलांशी तिचं कधी फारसं जमलं नाही. काम शिकवलं ते या माणसाने, आणि तो जावा असं तिला मुळीच वाटत नव्हतं.

सकाळी उठेपर्यंत तिचं ठरलं होतं. ती म्हणणार होती, "अजून नाही." तसं पाहिलं तर ते खोटंही नव्हतं. न राहवून ती आधी प्रयोगशाळेत गेली, थंड भट्टीतून पट्टी काढली, रुमालात गुंडाळली आणि पिशवीत टाकली. हे नियमात बसत नव्हतं. का केलं असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

"तुटली का?" किरियामा-सान म्हणाले.

"अजून नाही."

"हं."

झालं. एवढ्यासाठी आपण रात्रभर जागलो याचं तिला हसू आलं. तिने पिशवीतून काकी नावाची नारिंगी जपानी फळं काढली आणि त्यांच्या पलंगाशी बसून एक सोलायला घेतलं.

"शेजारचा घोरतो," ते कुजबुजले. "कानात बोळे घालून बघितले. बोळे हलतात."

"आणि तुम्ही?"

"मी कशाला घोरेन? मी अभ्यासू माणूस."

फळ गोड निघालं. त्यांनी बोटं चाटली. मग तिने एबिहाराचा किस्सा सांगितला, दिवाळखोरीत निघालेल्या दुकानाच्या लिलावातून त्याने बायकोसाठी आणलेल्या पियानोचा. जिन्यात अडकलेला पियानो तीन दिवस तिथेच होता आणि शेजारी त्याच्यावरून चढून ये-जा करत होते. किरियामा-सान खोकेपर्यंत हसले. तिने दुसरं फळ सोलायला घेतलं. खाली बस येऊन थांबली आणि निघून गेली. खिडकीतलं ऊन समोरच्या भिंतीवरून वर सरकलं.

दार ढकलून तोकिको आत आली. तिच्या हातात जेवणाचं ताट होतं.

"अगंबाई! आज पळाला नाहीत तुम्ही?"

चिगुसाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजून गेले होते. तिच्या हातातली सुरी जागीच थांबली. किरियामा-सान घड्याळाकडे बघत नव्हते. ते तिच्याकडे बघत होते, आणि कितीतरी वेळ बघत असावेत.

तोकिको ताट ठेवून निघून गेली.

"कधी बंद केली?" त्यांनी विचारलं.

"काल."

"आणि तुटली नाही."

"नाही."

"आधी वजन उतरवलंस?"

"आधी वजन, मग भट्टी. तुम्ही शिकवलंत तसंच."

"हं."

"मला वाटलं, तुम्हाला सांगितलं तर..."

"तर मी मरेन?" त्यांची कवळी हसताना हलली. "तोकिकोने भरवलं असेल डोक्यात. ती सगळ्यांबद्दल तेच सांगते. पलीकडचा म्हणे बेसबॉलवर जगतो. त्याला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही."

चिगुसा हसली नाही. साल तिच्या मांडीवर तशीच पडून राहिली.

"मी दर वेळी विचारायचो ना तुला," ते म्हणाले.

"हो."

"वाटायचं, आज तरी हो म्हणेल."

तिने सुरी बाजूला ठेवली.

"साडेतीन व्हायला आले की तुझा पाय हलायला लागायचा. बस, चारची नोंद, बस. माझा अंदाज दोन वर्षांचा होता, नोगामी. इतकी टिकेल असं वाटलं असतं तर तुझ्या गळ्यात घातली नसती." त्यांनी पांघरुणाची घडी सारखी केली. "कोट बघ. आजही अंगातच आहे तुझ्या."

तिने खाली पाहिलं. कोट अंगातच होता, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. म्हाताऱ्याची आशा आपण जपतो आहोत असं तिला इतकी वर्षं वाटत होतं. आता तिला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त वाईट वाटलं. गेलेले शनिवार काही परत मागता येणार नव्हते.

काहीतरी करायचं म्हणून तिने पिशवीतून रुमाल काढला आणि त्यांच्या हातात दिला. किरियामा-सानांनी तो उलगडला. एके काळी हातमोजे न घालता पट्टीला बोट लावणाऱ्याला ते दिवसभर बोलत. आता त्यांनी ती उघड्या बोटांनी उचलली आणि दिव्याकडे धरली. काळ्या पट्टीवर काचेसारखी चमक आली होती.

"भेगा?"

"भिंगाखाली दिसतात. पुष्कळ आहेत. प्रत्येक भेग भट्टीच्या उष्णतेत आतच तयार झालेल्या काचेने बुजलेय."

"आणि तरी उभी."

"सोमवारी ओढायचीय. उरलेलं बळ बघायचंय म्हणतो एबिहारा."

"बरोबर आहे. नियम माझाच आहे."

त्यांनी ताट पुढे ओढलं. भात, मिसोचं सूप, शिजवलेला माशाचा तुकडा, आणि एका वाडग्यात टोफूची पांढरी वडी. त्यांनी पट्टी टोफूत उभी खोचली.

"किरियामा-सान! पाणी लागेल तिला. सोमवारचा आकडा बिघडेल!"

"बिघडू दे."

"पण ती तुटलेली नाही."

"दमली तर असेल."

त्यांनी हात जोडले. तिनेही जोडले. बाहेर कुणीतरी ताटांची ढकलगाडी पुढे नेली आणि शेजारचा म्हातारा जेवण्यासाठी उठून बसला.

"माझा टोफू तर गेला," किरियामा-सान म्हणाले. "मासा आपण दोघांत खाऊ. काटे तू काढ, मला कंटाळा येतो."

चिगुसा उठली. कोटाची बटणं काढायला तिला जरा वेळ लागला. दाराआड एक खुंटी होती आणि तिच्यावर एक रिकामा हँगर लटकत होता. तो बहुधा पहिल्यापासून तिथेच असावा.