लाइट आली की आपोआप

वालूरच्या पंचक्रोशीत जळालेल्या मोटारीत नवी तार भरून द्यावी ती बजरंगनंच, आणि स्टार्टरला ऑटो बसवावा तोही त्यानंच. ऑटो म्हणजे तळहाताएवढी डबी. लाइट गेली की विहिरीवरची मोटार बंद, लाइट आली की आपोआप सुरू. शेतकऱ्याला अंधारात ठेचकाळत शेतावर जावं लागत नाही. अशा दोनेकशे डब्या त्यानं बसवल्या होत्या आणि त्याचा त्याला जरा जास्तच अभिमान होता.

याच माणसाला लाकूड कोरायच्या सीएनसी मशीनचं वेड लागलं. पोटापाण्याशी काही संबंध नाही, निव्वळ हौस. वर्षभर जुनंपानं लोखंड गोळा करून त्यानं पुढच्या खोलीत एक चौकोनी सांगाडा उभा केला. त्यावर तीन छोट्या मोटारी आणि मधोमध गरगर फिरणारं पातं. आता ते चालवायला कॉम्प्युटर हवा होता, आणि तिथंच घोडं अडलं.

परभणीत दत्तराव जुने कॉम्प्युटर विकत. तोंडाचा फटकळ, पण जाणता माणूस. त्यांनी कोपऱ्यातला एक धुळकट डेस्कटॉप ओढून काढला आणि मागची प्रिंटरची लांबट खाच दाखवली.

"हे घे. जुनं हाय, पर मशीनीला असलंच लागतंय. हितून हुकूम थेट मोटारीला जातोय. लॅपटॉप मधीच डुलकी काढतोय, मग पातं कुठंबी घुसतंय."

"डुलकीचं बघतो मी, हुकूम धाडायला येगळं कार्ड लावतो," बजरंग म्हणाला. "पर दत्तराव, ह्याला बॅटरी न्हाई. आमच्याकडं दिसातून चारदा लाइट जाती. चार तासाचं काम साडेतीन तासाला मेलं म्हंजे?"

"मरू दे की! कॉम्प्युटर आन् पातं दोघं संगंच मेले तर धोका न्हाई. परत माणसानं जवळ उभं राहून, डोळ्यानं बघून चालू करावं."

बजरंग हसला. म्हाताऱ्याला नव्या गोष्टी कळत नाहीत, असं त्याला वाटलं. त्यानं लॅपटॉपच घेतला, आणि एवढ्यावर थांबेल तर तो बजरंग कसला! पात्यालाही त्यानं ऑटो बसवला. लाइट गेली की लॅपटॉप काम जिथल्या तिथं धरून ठेवणार, लाइट आली की पातं आपोआप फिरणार आणि काम पुढं चालू. जळो ती हुशारी! दत्तरावांनी फोनवर हे ऐकलं आणि ते म्हणाले, "लाल बटण तरी बसव बाबा, एका दाबात सगळं बंद करणारं." बजरंग हो म्हणाला आणि बटण आणायचं राहून गेलं.

त्याची बायको राजेश्री ब्लाउज शिवायची. तिच्या हातच्या शिलाईसाठी सेलूहून बायका यायच्या. म्हणून पहिलं मोठं काम त्यानं तिच्याच दुकानाच्या सागवानी पाटीचं घेतलं. त्या सकाळी पातं सुरू झालं, लाकडाचा वास घरभर पसरला. राजेश्री हरखून बघत बसली. बजरंगला आबासाहेबांच्या विहिरीवर ऑटो बसवायला जायचं होतं.

"नुस्तं ध्यान ठिव," त्यानं बजावलं. "चालू असताना अजिबात हात घालू नको."

चालू असताना. बंद असतानाचं तो काही बोललाच नाही.

अकराच्या सुमारास लाइट गेली. सबस्टेशनातच बिघाड होता, त्यामुळं गावाची आणि शेताची, दोन्ही लायनी एकदमच बंद पडल्या. बजरंगला ते सोयीचंच झालं. त्यानं आबासाहेबांच्या स्टार्टरला डबी जोडली, वायरी आवळल्या, मेन स्विच वर केला. आबासाहेब वाकून बघत होते.

"बजरंगा, मी पट्टा बदलायला हात घातलेला असला, तर ह्याला कळंल का रं?"

"त्याला काय कळतंय? लाइट आली की सुरू," बजरंग सवयीनं म्हणाला.

हे उत्तर त्यानं दोनशे वेळा दिलं होतं. या वेळी मात्र त्याला घरचं पातं आठवलं. घाईघाईनं त्यानं फोन काढला. चार रिंगा वाजल्या, पाचव्या रिंगेला राजेश्रीनं उचलला.

"काय करायलीस?"

"काई न्हाई. लाइट गेली न्हवं का. अक्षरांत भुसा बसलाय, तेवढा काढायले. अवो, माझं नाव लय सुरेख आलंय."

"कोन्त्या हातानं?"

"आं? डाव्या हातात फोन हाय."

"हात काढ! राजे, आदी हात काढ!"

"काय म्हणलाव?"

त्याच्या पाठीमागं विहिरीवरची मोटार गुरगुरली आणि पाइपातून पाण्याचा लोट पडला. "आली, आली!" म्हणून आबासाहेबांनी आनंदानं टाळी वाजवली. फोनमध्ये राजेश्री एकदाच ओरडली. मग फोन पडल्याचा आवाज झाला आणि पात्याची घरघर तेवढी चालू राहिली.

तो घरी पोचला तेव्हा शेजारच्या सुलाबाईंनी मशीनची पिन बोर्डातून ओढून काढली होती. शिवायला आलेल्या कुणाच्या तरी ब्लाउजपीसमध्ये त्यांनी राजेश्रीचा हात गुंडाळला होता. मूळचा रंग कोणता, ते आता सांगता येत नव्हतं. सेलूच्या दवाखान्यात डॉक्टरांनी कापड सोडलं. उजव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं मुळापासून गेली होती.

"चालू मशीनीत हात कसा घातला, ताई?"

बजरंगनं तोंड उघडलं. माझ्यामुळं झालं, एवढंच त्याला म्हणायचं होतं, पण त्याच्याआधी तिचंच उत्तर आलं.

"चालू न्हवती," राजेश्री पांढऱ्याफटक तोंडानं म्हणाली. "लाइट आली."

तिनं नवऱ्याचं नाव घेतलं नाही. बजरंगला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. तिच्या उशाशी उभं राहायचीही त्याला हिंमत होईना.

थोड्या वेळानं तिनं डॉक्टरांना विचारलं, "सुई धरता यील ना?"

डॉक्टर बजरंगकडं वळून म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर या."